पायाखाली दबणारी नवी लाकडी फरशी

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत : लाकडी फरशी नवीकोरी, दिसायला उत्तम, पण चालताना पायाखाली हलते. कारणे मात्र प्रत्येक घरी वेगळी निघतात, म्हणून निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बैठकीच्या खोलीत जुन्या टाइल्सवर आम्ही नुकतेच लॅमिनेटचे फ्लोअरिंग बसवून घेतले. फळ्या ८ मिलिमीटर जाडीच्या असून एकमेकींत अडकवून बसवायच्या प्रकारच्या आहेत. खाली फोमचे दोन थर घातले आहेत. दोन थर घातले की पायाला मऊ लागते आणि टाइल्सचा उंचसखलपणाही झाकला जातो, असे बसवणाऱ्याने सांगितले. काम संपल्यावर थोड्याच दिवसांत खिडकीजवळ आणि खोलीच्या साधारण मध्यावर पाय पडला की फरशी खाली जाते व पाय उचलला की वर येते, हे लक्षात आले. खिडकीजवळ तर ‘टक्’ असा आवाजही येतो. बसवणारा म्हणतो, की वापरात आली की फरशी आपोआप बसेल, आणि नाहीच बसली तर त्या जागी चार स्क्रू मारून पक्की करू. त्याच्या म्हणण्यावर विसंबून थांबावे, की सगळी फरशी उखडावी लागेल? — एक वाचक

उत्तर : आधी स्क्रूंबद्दल, कारण ते एकदा मारले गेले की झालेले नुकसान सहज भरून निघत नाही. आपल्याकडे बसवली आहे ती तरंगती फरशी आहे. म्हणजे तिच्या फळ्या खालच्या जमिनीला कुठेही जोडलेल्या नाहीत, त्या केवळ एकमेकींत अडकलेल्या आहेत आणि सगळी फरशी मिळून फोमवर नुसती टेकलेली आहे. हवेतील दमटपणा वाढला की ती एकसंध पसरते, हवा कोरडी झाली की आक्रसते, आणि ही हालचाल विनाअडथळा व्हावी म्हणूनच भिंतींलगत फट सोडतात. मधोमध स्क्रू मारले की तेवढी जागा जमिनीला खिळून राहते, बाकीची फरशी मात्र हलायची थांबत नाही. त्यामुळे सगळा ताण स्क्रूंच्या आसपासच्या सांध्यांवर येतो आणि ऋतू बदलला की तेथील सांधे उघडतात किंवा फळ्या उचलल्या जातात. शिवाय स्क्रूने खालची पोकळी भरत नाही. फळी तेवढी वाकवून खाली धरून ठेवली जाते.

‘आपोआप बसेल’ या म्हणण्यात थोडेसे तथ्य आहे, तेवढे मान्य करू. नवा फोम सामानाच्या आणि वावराच्या भाराने सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंचित दबतो, आणि खोलीभर सारखाच जाणवणारा मिलिमीटरभराचा मऊपणा त्यामुळे कमी होऊ शकतो. पण ठरावीक दोन जागीच फरशी खाली जात असेल, तर तिथे फळीखाली पोकळी आहे, आणि वापराने पोकळी भरून निघत नाही. उलट प्रत्येक पावलागणिक सांध्यातली जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणारी कड, वाकते. ही जीभ दाबलेल्या लाकडी भुश्याच्या पाटाची, काही मिलिमीटर जाडीचीच असते. ती हजारो वेळा वाकली की तुटते, आणि त्यानंतर खालची जमीन कितीही सरळ केली तरी ती फळी बदलावीच लागते. खिडकीजवळचा ‘टक्’ आवाज म्हणजे बहुधा जीभ खाचेत घासल्याचा किंवा फळी खाली जाऊन आपटल्याचा आवाज आहे. थांबून राहिल्याने बसवणाऱ्याच्या हमीची मुदत तेवढी सरते.

आता कारण शोधायचे कसे ते पाहू. सामान शक्य तितके बाजूला करून अनवाणी पायांनी खोलीभर फिरावे, वीतभर अंतरावर टाच दाबत जावी, आणि जिथे फरशी दबेल त्या जागेच्या चारही कडांवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवावेत. दुसऱ्या माणसाने जवळच गुडघ्यावर बसून तळहात फरशीवर टेकवला, तर डोळ्यांना न दिसणारी हालचालही हाताला कळते. खोली पूर्ण झाली की टेपच्या तुकड्यांचा नकाशाच तयार होतो आणि बरेचसे निदान तो नकाशाच करून देतो. दबणारी जागा एखाद्या बेटासारखी सुटी असेल तर दोष जमिनीत आहे. ती लांबट पट्ट्यासारखी, खालच्या टाइल्सच्या सांध्याला समांतर असेल, तर एखाद्या रांगेतल्या टाइल्स शेजारच्या रांगेपेक्षा वर उचललेल्या किंवा खाली बसलेल्या आहेत. आणि सगळी खोलीच सारख्या प्रमाणात दबत असेल, तर दोष फोमचा.

यानंतर मोजमाप. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी या कामाला सर्वांत चांगली, कारण लाकडी पट्टी स्वतःच वाकलेली असण्याचा संभव असतो. येथे एक गोष्ट पुष्कळ जण चुकतात. फरशीवर नुसती पट्टी ठेवून ती सरळ दिसली, की जमीन सपाट आहे असे ते ठरवून मोकळे होतात. परंतु तरंगती फरशी खळग्यावरून पुलासारखी पलीकडे जाते. वर भार नसताना ती सरळच दिसणार. म्हणून पट्टीची दोन्ही टोके न दबणाऱ्या जागी, सारख्या जाडीच्या दोन ठोकळ्यांवर टेकवावीत आणि पट्टी दबणाऱ्या जागेवरून आडवी जाऊ द्यावी. मधोमध पट्टीच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजावे, मग पट्टीला धक्का न लागता एका माणसाने तिच्या शेजारी उभे राहावे आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. समजा, पहिले माप २० मिलिमीटर आले आणि दुसरे २४, तर फरशी ४ मिलिमीटर खाली जाते आहे. एखाद-दुसरा मिलिमीटर असेल तर त्यापायी फरशी उचलण्याचा खटाटोप मी करणार नाही. ३ मिलिमीटरच्या पुढे मात्र दुरुस्ती टाळू नये, कारण अशा फळ्यांचे बहुतेक उत्पादक दोन मीटर लांबीत जमिनीचा चढउतार जास्तीत जास्त २ ते ३ मिलिमीटर असावा, अशीच अट घालतात.

ही अट आपल्या फळ्यांच्या खोक्यात आलेल्या सूचनापत्रकावरही असेल. तेथेच फोमची जाडी आणि थरांची संख्याही लिहिलेली असते, आणि दोन थर घालण्याची परवानगी बहुतेक उत्पादक देत नाहीत. फोमचे काम आवाज शोषण्याचे आणि बारीकसारीक खडबडीतपणा सामावून घेण्याचे आहे, खळगे भरण्याचे नाही. २ ते ३ मिलिमीटरचा एकच, बऱ्यापैकी घट्ट थर पुरेसा असतो. दोन थर झाले की फळीखालचा आधार स्पंजासारखा होतो आणि जे वाकणे आधाराने रोखायचे, ते सांध्याला सोसावे लागते. म्हणजे मऊपणा म्हणून जे आपल्याला देण्यात आले, तेच आपल्या फरशीचे आयुष्य खाणार आहे. काही फळ्यांना कारखान्यातच खालून फोम चिकटवलेला असतो, त्यांच्याखाली वेगळा फोम घातला तरी तोच प्रकार होतो. सिमेंटच्या जमिनीवर ओल रोखण्यासाठी जो पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, तो या हिशेबात धरायचा नाही, तो हवाच.

फरशी उचलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी एक-दोन ठिकाणी अलगद काढावी आणि फळीच्या कडेपासून भिंतीपर्यंत फट आहे का, ते तपासावे. ती सर्व बाजूंनी साधारण ८ ते १० मिलिमीटर असायला हवी; दाराची चौकट, खांब, पाइप आणि उंबरा या जागाही सुटता कामा नयेत, किंबहुना चूक बहुधा तिथेच असते. फळी कुठे भिंतीला भिडलेली असेल, किंवा स्कर्टिंगचे खिळे भिंतीत न जाता फरशीतून गेलेले असतील, तर फरशीला पसरायला जागा राहत नाही. ती मधे किंचित वर उचलली जाते आणि त्या उचललेल्या भागावर पाय पडला की दबते. बाहेरून पाहता ही तक्रार खळग्यासारखीच दिसते, पण जमिनीत दोष नसतो. फरक ओळखण्याची एक खूण अशी, की अडकलेल्या फरशीचे दबणे हवेप्रमाणे कमी-जास्त होते, खळग्याचे होत नाही. असे आढळल्यास भिडलेली कड कापून फट मोकळी करावी. पुष्कळदा फरशी त्यानंतर एक-दोन दिवसांत स्वतःहून खाली बसते आणि पुढचे काहीच करावे लागत नाही.

आपल्या पत्रावरून मात्र मला असे वाटते, की आपल्याकडे जुन्या टाइल्समधले खळगे आणि फोमचे दोन थर ही दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. तसे असेल तर फरशी उचलावी लागेल. ‘उखडावी’ म्हणत नाही, कारण अडकवून बसवलेल्या फळ्या नीट काढल्या तर पुन्हा वापरता येतात, आणि काम ताजे असताना तर त्या हमखास निघतात. दोन थर खोलीभर असल्यामुळे आपल्याला सगळीच फरशी उचलावी लागेल. फोमचा थर एकच असता तर दबणाऱ्या जागेच्या जवळच्या भिंतीपासून तेवढ्याच ओळी काढून भागले असते. प्रत्येक फळीवर टेपचा तुकडा लावून ओळीचा आणि फळीचा क्रमांक लिहावा. लांब बाजूचा सांधा फळी तिरपी उचलली की सुटतो. आखूड बाजूचा सांधा प्रकाराप्रमाणे एक तर तसाच तिरपा करून सुटतो, नाही तर फळी आडवी सरकवून सोडवावा लागतो, आणि हे न पाहता ओढाताण केली तर जिभा तिथेच मोडतात. काढलेल्या प्रत्येक फळीची जीभ आणि खाच उजेडात धरून पाहावी. पांढुरकी चीर किंवा तुटलेला काठ दिसला तर ती फळी पुन्हा लावू नये.

जमीन उघडी झाली की तीच दोन मीटरची पट्टी आता थेट टाइल्सवर, चारही दिशांना फिरवावी. पट्टीच्या मधोमध फट दिसली तर तो खळगा. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर तो उंचवटा. उंचवट्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते, कारण फरशी दबते ती त्याच्या शेजारी, त्याच्यावर नव्हे. अशा वेळी दोन्ही बाजूंचे खळगे भरत बसण्यापेक्षा मधला उंचवटा ग्राइंडरने उतरवणे कमी कष्टाचे असते. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा योग्य मास्क आणि धूळ खेचणारे यंत्र हवेच. खाली सिरॅमिकऐवजी फार जुन्या विनाइलच्या टाइल्स असतील तर त्या मुळीच घासू नयेत. जुन्या काळच्या अशा टाइल्समध्ये आणि त्यांच्या चिकट थरात ॲस्बेस्टॉस असू शकते.

खळगे भरण्यासाठी पातळीत पसरणारे सिमेंटयुक्त मिश्रण तयार मिळते. त्यापूर्वी टाइल्स ठोकून पाहाव्यात. ज्या पोकळ वाजतील किंवा हलतील त्या काढून ती जागा भरून घ्यावी, कारण हलत्या टाइलवर ओतलेले मिश्रण तडकणारच. गुळगुळीत टाइलवर मिश्रण धरावे म्हणून त्या पृष्ठभागाला चालेल असा प्रायमर आधी लावावा लागतो. मिश्रण पूर्ण सुकल्याशिवाय फळ्या लावू नयेत. पुड्यावर दिलेली मुदत दमट हवेत लांबते. वाळू पसरणे, वर्तमानपत्रांच्या घड्या घालणे, पुठ्ठे कापून बसवणे असले उपाय अनेक ठिकाणी केलेले दिसतात. वाळू सरकत राहते, कागद ओल धरतो आणि दबतो, आणि मग हेच पत्र पुन्हा लिहावे लागते. फळीला भोक पाडून खालून फुगणारा फोम भरण्याचा सल्लाही कोणी देईल. तरंगत्या फरशीत तो फळीला जमिनीशी चिकटवतो, म्हणजे स्क्रूसारखाच प्रकार झाला.

बसवणाऱ्याशी बोलताना ‘फरशी हलते’ एवढेच सांगू नये. टेपने आखलेल्या जागांची छायाचित्रे, भार नसतानाची आणि असतानाची मापे, व सूचनापत्रकातील जमिनीच्या सपाटपणाची आणि फोमच्या थरांची ओळ त्याच्यापुढे ठेवावी. आपला आग्रह आणि त्याचा अनुभव यांच्यातला तो वाद मग राहत नाही. सूचना पाळली की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न : आमच्याकडे अस्सल लाकडाच्या फळ्या आहेत, त्या सिमेंटच्या कोब्यावर लाकडी रिपा टाकून त्यांवर खिळ्यांनी ठोकल्या आहेत. दोन रिपांच्या मधोमध पाय पडला की फळी लवते, आणि काही ठिकाणी कर्रकर्र आवाज येतो. फळ्या १५ मिलिमीटर जाडीच्या आहेत. सुताराने रिपांमधले अंतर ६० सेंटिमीटर ठेवले आहे. फळ्या पातळ झाल्या की रिपा विरळ? — एक वाचिका

उत्तर : दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांना वाढवत आहेत. फळीच्या मध्यावर ठरावीक भार पडला की तिचे लवणे आधारांमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते. रिपांमधले अंतर ४० ऐवजी ६० सेंटिमीटर केले, तर लवणे दीडपट नव्हे, सुमारे ३.४ पट होते. फळी २० ऐवजी १५ मिलिमीटरची घेतली, तर त्यात आणखी सुमारे २.४ पटींची भर. म्हणजे २० मिलिमीटरची फळी ४० सेंटिमीटरवर टेकली असती तर जेवढी लवली असती, त्याच्या आठपट आपली फळी लवते आहे. लाकडाची जात चांगली आहे की साधी, याने इतका फरक पडत नाही. पुष्कळदा भारी लाकूड घेतले म्हणून पातळ फळी चालेल असे समजले जाते, ते म्हणूनच खरे नाही.

आता उपाय. खोलीच्या खालून जाता येत नसल्यामुळे वरूनच काम करावे लागेल. फळ्या जपून काढून प्रत्येक दोन रिपांच्या मधे आणखी एक रीप टाकली, तर अंतर ३० सेंटिमीटरवर येते आणि लवणे आताच्या एक अष्टमांशावर; फळ्या बदलायची गरज राहत नाही. नव्या रिपेची उंची जुन्या रिपांशी तंतोतंत जुळली पाहिजे. दोन जुन्या रिपांवर सरळ पट्टी ठेवून नवी रीप तिच्या खालच्या कडेला जेमतेम लागेल अशी बसवावी, आणि कोबा जिथे खाली गेला असेल तिथे समोरासमोरून सारलेल्या दोन पाचरींनी रिपेला आधार द्यावा. एकच पाचर ठोकली तर रीप तिरपी होते आणि पाचर पुढेमागे सैलावते. दोन समोरासमोर सारल्या तर वरची बाजू सपाट राहते व उंची हवी तेवढी बारकाईने साधता येते. पातळी जुळली की पाचरी गोंद लावून व खिळा मारून पक्क्या कराव्यात.

जुन्या रिपाही या निमित्ताने तपासाव्यात. एखादी रीप कोब्यावर पूर्ण टेकलेली नसेल, तर फळी कितीही जाड असली तरी पायाखाली हालचाल जाणवणारच. फरक इतकाच, की अशा वेळी फळी मधे न लवता रिपेवरच खाली जाते. पाय नेमका खिळ्यांच्या ओळीवर ठेवून हे कळते.

आवाजाचे म्हणाल तर तो बहुतेक वेळा खिळ्याचा असतो. लाकूड ठोकतेवेळी ओलसर होते आणि नंतर वाळून आक्रसले, की खिळ्याभोवती केसाएवढी मोकळीक राहते आणि प्रत्येक पावलाला फळी खिळ्यावरून वरखाली घासते. पुन्हा तोच खिळा ठोकून उपयोग नाही, त्या भोकात आता पकड उरलेली नाही. शेजारी बारीक भोक पाडून स्क्रू घ्यावा. फळ्या काढणारच असाल तर परत लावताना जिभेच्या मुळाशी तिरपा स्क्रू घ्यावा, म्हणजे पुढची फळी बसल्यावर तो झाकला जातो.

फळ्या परत लावण्यापूर्वी त्या काही दिवस त्याच खोलीत, मधे पट्ट्या घालून, हवा खेळती राहील अशा रचून ठेवाव्यात आणि ओलावामापकाने रिपा व फळ्या दोन्हींचे माप घ्यावे. रुंद फळ्यांसाठी दोहोंतला फरक २ टक्क्यांपेक्षा, आणि ७५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे. हे घाईत सोडून दिले जाते.

प्रश्न : तरंगती फरशी बसवून काही महिने झाले. आता खोलीच्या मध्यावर दोन फळ्यांचा सांधा वर उचलला गेला आहे आणि त्यावर पाय दिला की तो खाली जाऊन पुन्हा वर येतो. एका भिंतीला पुस्तकांचे उंच कपाट, समोरच्या भिंतीला जमिनीवर बसवलेली ओट्याखालची कपाटे. वजन ठेवून सांधा बसेल का? — एक वाचक

उत्तर : नाही. वजन ठेवल्याने सांधा तेवढा वेळ दबेल आणि फुगवटा शेजारी सरकेल. आपली फरशी दोन्ही बाजूंनी जखडली गेली आहे. भरलेले पुस्तकांचे कपाट एका बाजूला असते तर ती दुसऱ्या बाजूला पसरली असती. पण समोर कायमची बसवलेली कपाटेही तिच्याच छातीवर उभी असल्याने तिला जायला वाट नाही, आणि वाट नसलेली फरशी वर उचलली जाते. ओट्याखालची कपाटे तरंगत्या फरशीवर बसवूच नयेत. आधी कपाटे, मग त्यांच्या कडेपर्यंत फट सोडून फरशी, हा क्रम. आता कपाटे हलवणे शक्य नसेल, तर त्यांच्या पायापट्टीच्या मागे, म्हणजे कट दिसणार नाही अशा रेषेत, फरशी कापून मोकळी करता येते.

त्याबरोबर पाणी कुठून येते आहे, हेही पाहावे. एका मोसमात इतकी फुगलेली फरशी नुसत्या हवेने फुगली असेलच असे नाही. जिथे कोबा उघडा असेल, किंवा काही फळ्या काढून उघडा करता येईल, तिथे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. आतल्या बाजूने थेंब जमले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर ओल खालून येते आहे. ही ढोबळ चाचणी आहे. ती कोरडी आली म्हणून ओल नाहीच असे सिद्ध होत नाही, पण ओली आली तर शंकेला जागा उरत नाही. मग फट मोकळी करून भागणार नाही, ओल रोखणारा थर घालावा लागेल.

लॅमिनेटच्या कडा पाणी पिऊन फुगल्या असतील तर त्या वाळल्यावरही मूळ जागी येत नाहीत, तेवढ्या फळ्या बदलाव्यात. अस्सल लाकडाची गोष्ट वेगळी आहे : ओलीने फळ्यांच्या कडा वर येऊन मधे पन्हळ पडते आणि लाकूड वाळले की ती बरीचशी निघून जाते. तशी फरशी कोणाकडे असेल तर ती लगेच रंधून सपाट करण्याच्या भरीस पडू नये; वर आलेल्या कडा आज तासल्या, तर लाकूड वाळल्यावर त्याच कडा खाली जातात आणि फळ्यांचे मध्यभाग वर दिसू लागतात.

प्रश्न : आमची इंजिनिअर्ड लाकडाची (वर अस्सल लाकडाचा पातळ थर, खाली एकमेकांवर चिकटवलेले लाकडाचे थर) फरशी कोब्याला गोंदाने चिकटवलेली आहे. ठोकले की काही जागा पोकळ वाजतात, त्यांतल्या एक-दोन पायाखाली किंचित हलतातही. — एक वाचिका

उत्तर : नुसत्या पोकळ आवाजाला फारसे महत्त्व देऊ नका, खाचांच्या पट्ट्याने ओढलेल्या गोंदात थोडी जागा सुटतेच. हलणाऱ्या जागा मात्र दुरुस्त कराव्यात. सांध्याच्या कडेला २ ते ३ मिलिमीटरचे भोक पाडून, त्यासाठीच मिळणारा पातळ गोंद पिचकारीने आत सोडावा, दुसऱ्या भोकातून तो वर येऊ लागला की थांबावे, वर आलेला गोंद ताबडतोब पुसावा आणि त्या जागेवर सपाट पाट ठेवून त्यावर २४ तास वजन द्यावे. फुगणारा गोंद वापरू नये, तो फळी उचलतो. कोब्यात जमीन तापवणाऱ्या नळ्या असतील, तर त्यांची जागा नक्की कळेपर्यंत भोक पाडू नका. हलणाऱ्या जागा खोलीभर पसरलेल्या असतील, तर पिचकारीने निभणार नाही. बहुधा कोब्यावरची धूळ न काढता गोंद ओढला गेला किंवा गोंदावर साय धरल्यावर फळ्या टेकवल्या. एक फळी उचलून तिची पाठ पाहा. गोंदाच्या रेघा कोब्यावर जशाच्या तशा उभ्या आणि फळीची पाठ स्वच्छ असेल, तर साय धरली होती. गोंद फळीला चिकटून आला आणि त्याला खालून सिमेंटची भुकटी लागलेली असेल, तर दोष कोब्याचा.

प्रश्न : वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांवर नवीन फरशी टाकली. चालले की सगळी खोली थरथरते, कपाटातील काचेची भांडी किणकिणतात. फळ्या जाड घ्याव्यात का? — एक वाचक

उत्तर : फळ्या एका जागी दबत नसून सगळा मजलाच हलत असेल, तर दोष फळ्यांत नाही. तुळया त्यांच्या लांबीच्या मानाने कमी उंचीच्या आहेत, त्यांची टोके भिंतीत कुजली आहेत, किंवा पाइप व वायर नेण्यासाठी कोणीतरी त्यांना मधेच खाचा पाडल्या आहेत. निवासी मजल्याच्या तुळईचे लवणे तिच्या लांबीच्या ३६० व्या भागाहून जास्त नसावे, हे माप सर्वसाधारणपणे वापरले जाते. ४ मीटरच्या तुळईला ते सुमारे ११ मिलिमीटर येते. जाड फळ्यांनी मजल्यावरचे वजन वाढेल, थरथर फारशी जाणार नाही. खालच्या छताला नवे तडे दिसत असतील किंवा तुळईच्या टोकाशी सुरीचे टोक सहज आत जात असेल, तर त्या खोलीतील जड सामान आधी हलवा आणि सुताराऐवजी संरचना अभियंत्याला बोलवा. तुळयांना जोड देणे, त्यांच्यामध्ये आडवे ठोकळे बसवणे किंवा मधे आधाराची तुळई घालणे, यांतले काय करायचे ते तुळयांची मापे घेऊन त्यांनीच ठरवावे लागेल, आणि तोवर नव्या फरशीला हात लावू नये.